नजर हटली तेव्हा

सासरे गेले तेव्हा सासूबाई खोलीत नव्हत्या. गोष्ट एवढीच, पण ती त्यांना आतून पोखरत गेली.

सासूबाईंची सगळी नोकरी कापडाच्या कारखान्यात झाली होती, तपासनीस म्हणून. खालून उजेड असलेल्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि त्यातला तुटका धागा, गाठ, डाग त्या हेरायच्या. नजर हटली की दोष सुटला, हे त्या तिथं शिकल्या आणि तेच त्यांनी संसारालाही लावलं. त्यांच्या घरात दूध कधी उतू गेलं नाही. नवऱ्याला हॉस्पिटलात ठेवलं तेव्हाही त्या खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या त्या बसल्याच. नर्स म्हणायची, "आजी, यंत्रं बघताहेत ना त्यांच्याकडे!" त्यावर या म्हणायच्या, "यंत्रांना नवरा असतो का?"

एका दुपारी सुनेनं फारच आग्रह केला म्हणून त्या तिच्याबरोबर घरी आंघोळीला गेल्या. परत आल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर त्या रडल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. मुलगा जेवताना, दाढी करताना, बुटाची नाडी बांधताना. सून कांदा चिरायला बसली की यांची नजर सुरीच्या पात्यावर. शेवटी मुलगा वैतागून म्हणाला, "आई, मी काय गॅसवरचं दूध आहे का गं?" त्या हसल्या नाहीत.

मग एकदा जेवताना त्यांनी सुनेला विचारलं. सून विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवायची आणि तिचं संशोधनही प्रकाशावरच होतं.

"मोबाइलवर एका माणसाचं भाषण ऐकलं. तो म्हणत होता, विज्ञानानं सिद्ध झालंय म्हणे. आपण बघत असतो तोवरच वस्तू असते. नजर काढली की तिचं काही खरं नाही. तुझ्याच खात्यातलं ना हे?"

"ते अर्धवट आहे, आई."

"अर्धवट म्हणजे अर्धं खरं ना?" त्यांनी घास ताटात ठेवला. "मी तिथं बसले असते, बघत राहिले असते, तर ते गेले नसते. सरळ सांग."

मुलाचा हात तोंडापाशीच थांबला. सुनेला 'नाही' म्हणता आलं असतं. पण दुसऱ्याच्या शब्दावर एक वार कापडही पास न केलेली ही बाई नुसत्या 'नाही'नं काय ऐकणार!

"उद्या माझ्याबरोबर चला," ती म्हणाली. "तुम्हीच तपासा."

प्रयोगशाळा तळघरात होती. भिंती काळ्या रंगवलेल्या, मधोमध एक जडशीळ टेबल, त्यावर काळ्या पडद्यांची खोकी. शेजारच्या संगणकावर सगळं काळंच होतं. मग एक पांढरा ठिपका उमटला. थोड्या वेळानं दुसरा, भलतीकडेच.

"डास बसल्यासारखं दिसतंय," सासूबाई म्हणाल्या.

"एकेक ठिपका म्हणजे प्रकाशाचा एकेक कण. वाटेत दोन बारीक फटी आहेत, त्यांतून येतो."

ठिपके साचत गेले. सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि सुनेच्या आधी त्यांनाच दिसलं. "पट्टे पडताहेत. उभे. मध्ये मोकळी जागा."

"हो. कण कुठल्या फटीतून आला याची कुठंच खूण नसते, तेव्हा असे पट्टे पडतात." सुनेनं पडद्यावरचे आधीचे ठिपके पुसले आणि नखाएवढे दोन पारदर्शक तुकडे चिमट्यानं फटींपुढे बसवले. "आता प्रत्येक कणावर खूण राहील, या फटीतून आला की त्या."

"आणि ती वाचणार कोण?"

"कोणीच नाही. संगणकाचा पडदा बंद करते, खोलीला कुलूप लावते. चला, चहा घेऊ."

निघताना सासूबाईंनी कुलूप स्वतः ओढून बघितलं. परत आल्यावर सुनेनं पडदा सुरू केला. ठिपक्यांचा दाट ढग साचला होता, पण पट्टे नव्हते. सासूबाईंनी तो या कडेपासून त्या कडेपर्यंत तपासला, बोट न लावता, सावकाश.

"गेले पट्टे."

"गेले."

"आणि बघायला कोणी नव्हतं."

"कोणी नव्हतं. आमच्यात 'बघणं' म्हणतात ते डोळ्यांनी नव्हे, आई. खूण कशावर तरी राहिली की झालं, माणूस असो-नसो. तसं का होतं, यावर आम्ही अजून एकमेकांशी भांडतो. पण कोणाच्या नजरेनं कोणाचा जीव टिकतो, असं यातून निघत नाही. तुम्ही तिथं असतात तरी बाबा गेलेच असते."

सुनेला वाटलं होतं, त्यांच्या उरावरचा दगड उतरेल. सासूबाई मात्र स्टुलावर बसल्या आणि एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

"म्हणजे एवढे दिवस मी डोळ्यांत तेल घालून बसले, त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यांना माझं बघणं पोचलंच नाही."

इथं सून गप्प बसली असती तर तिला कोणी दोष दिला नसता. पण तिनं एक गोष्ट महिनोन् महिने गिळून ठेवली होती, ती आता घशाशी आली.

"पोचत होतं, आई. फार पोचत होतं." तिचा आवाज खाली गेला. "तुम्ही डॉक्टरांशी बोलायला गेला होतात तेव्हा बाबांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, शास्त्रीबुवा, हिला एकदा घरी ने. ही बघत असली की मला धड कण्हताही येत नाही. हसरं तोंड करून करून गाल दुखले. चित्राला बसवल्यासारखं झालंय, हलायची चोरी."

आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाचेच ते शब्द होते. सुनेला 'शास्त्रीबुवा' म्हणणाराही तोच एक. सासूबाईंना खात्री पटायला वेळ लागला नाही.

"म्हणून तू आग्रह केलास."

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

सुनेनं संगणक बंद केला.

त्या दिवसापासून सासूबाईंनी तिच्याशी अबोला धरला. भांडण नाही, आदळआपट नाही. चहाचा कप समोर ठेवायच्या आणि वळायच्या. आता त्या कोणाकडेच बघत नव्हत्या. मुलानं बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "असं दाखवलंस तरी काय तिला?" ती काय सांगणार? करायला गेले काय आणि झालं काय, असं तिला झालं होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सून स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. सासूबाई आल्या, समोर बसल्या आणि त्यांनी शेंगांचा एक वाटा आपल्याकडे ओढला.

"मी निघून आल्यावर कण्हले का ते?"

"मी तुमच्याबरोबरच होते. पण नंतर नर्सला विचारलं. म्हणाली, कण्हले. चांगले मोठ्यानं. आणि पाठीला एक शिवी दिली."

"पाठीला?"

"पाठ दुखत होती ना, तिला."

"कुठली शिवी?"

सुनेनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सांगितली. सासूबाईंचे डोळे विस्फारले, मग ओठ थरथरले, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांना खुदकन हसू फुटलं. "एवढ्या वर्षांत माझ्यासमोर कधी 'गाढव' म्हणाला नाही गं तो माणूस!"

हसता हसता तो आवाज कधी फिरला ते दोघींनाही कळलं नाही. हातातली शेंग तशीच राहिली.

"मला सांगायचं होतं ना त्यांनी," त्या म्हणाल्या. "खुर्ची फिरवून बसले असते मी. भिंतीकडे तोंड करून बसले असते."

आवाज ऐकून मुलगा धावत आला. सासूबाईंनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

"बघू नका रे माझ्याकडे."

मुलगा वळला, सिंकपाशी गेला आणि धुतलेलाच पेला पुन्हा धुवायला लागला. सुनेनं मान खाली घालून पुढची शेंग घेतली. सासूबाई पोटभर रडल्या.