मी औषध की अरिष्ट?

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. सध्या रिकामी आहे. माझी कहाणी ऐका आणि मी नेमकी कोण ते जमलं तर तुम्हीच मला सांगा, कारण माझा फार गोंधळ झाला आहे.

कारखान्यात माझ्यात अश्वगंधेचा काढा भरला. गूळ, मध आणि धायटीची फुलं घालून तो पिंपात आंबवलेला होता. अशा औषधाला अरिष्ट म्हणतात. अरिष्ट म्हणजे संकटसुद्धा, हे मला पौडच्या दुकानात कळलं. एक गिऱ्हाईक माझं लेबल वाचून हसलं. नाव ठेवणाऱ्यांनी थोडा विचार करायचा होता.

तिथून सुंदराबाईंनी मला कोळवणला आणलं. त्यांचे यजमान सोमनाथ जीप चालवतात. वर्षानुवर्षं दारू पिऊन ते नुकतेच व्यसनमुक्ती केंद्रातून परतले होते. दारू सुटली, पण झोपही सुटली. छातीत धडधडायचं, भरल्या घरात जीव घाबरा व्हायचा. झोपेपायी हा माणूस पुन्हा दारूकडे वळेल, या धास्तीनं सुंदराबाई वाळून गेल्या होत्या. शेवटी शेजारच्या रंभाबाईंनी शेळ्या बांधता बांधता माझं नाव सुचवलं.

“झाडपाल्याचं हाय. त्यानं काय बाधतंय व्हय?”

रोज रात्री जेवणानंतर दोन झाकणं मी आणि तेवढंच पाणी, असं सुरू झालं. सोमनाथ गाढ झोपले. माझं कोण कौतुक झालं! सुंदराबाईंनी मला भिंतीतल्या देवळीत जागा दिली. त्या मला रोज पुसायच्या. तेव्हा मी किती खूश होते!

पुढचं मात्र मला उलगडत नाही. जेवणाच्या आधीपासूनच सोमनाथ देवळीकडे बघू लागले. झाकणाच्या जागी फुलपात्र आलं, मग पाणी घालणं बंद झालं. औषधाची इतकी ओढ कुणाला असते का? मला वाटलं, मी फारच गुणकारी असेन.

एका संध्याकाळी सुंदराबाई गवताचा भारा घेऊन दारात आल्या आणि त्यांना यजमानांच्या तोंडाचा वास आला. भारा तिथंच पडला.

“प्यालासा ना?”

“औषीद घेतलंय. तूच आणल्यालं.”

“दारूलाबी तुमी औषीदच म्हणत व्हता!”

त्या रडू लागल्या. खरं कोण बोलत होतं? मला तर दोघंही खरी वाटली.

दुसऱ्या दिवशी मला पदरात गुंडाळून दोघं पौडला गेली. डॉक्टर गौतमी यांनी माझ्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली. “अरिष्ट आंबवून करतात. त्यात थोडी दारू आपोआप तयार होते. यांना ते चालणार नाही. झोपेसाठी चूर्ण असो की गोळी, आधी केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. झोप परत येईल, पण तिला वेळ द्या.”

“म्हंजे मीच घरात दारू आणली?” सुंदराबाई कशाबशा बोलल्या. मी वाईट चिंतलं नव्हतं, त्यांनीही नव्हतं, मग हे झालं कसं?

एसटीच्या थांब्यावर सोमनाथ म्हणाले, “तुजी चूक न्हाई. मला म्हाईत व्हतं.”

“काय?”

“पयल्याच घोटाला वळखली मी. बोललो असतो तर तू काढून घेतली असतीस.”

सुंदराबाईंनी मला पदरातून सोडवलं. मग त्यांनी मला पुढं केलं. “वता. तुमीच वता.”

सोमनाथांनी झाकण उघडलं. गटारात ओतताना थोडं अरिष्ट त्यांच्या बोटांवर सांडलं. बोटं तोंडाकडे निघाली, मध्येच थांबली. सुंदराबाईंनी पदर पुढं केला आणि सोमनाथांनी बोटं त्याला पुसली.

मित्रांनो, झाडपाल्याचं आहे म्हणून मला कुणालाही पाजू नका. डॉक्टरांना विचारा, आणि जो पिणार आहे त्यालाही विचारा. औषध कसं लागतंय, एवढं त्या घरात सोमनाथांना कुणी विचारलंच नव्हतं.