सातवी टीप

ताईने आपल्यापुढच्या सगळ्या चकत्या दोन्ही हातांनी टेबलाच्या मध्यभागी लोटल्या.

"सगळं लावलं," ती म्हणाली. "असो."

समोरच्या विमा एजंटने क्षणभरही विचार केला नाही. "बघतो," म्हणत त्याने तेवढ्याच चकत्या पुढे सारल्या. म्हणजे आता दोघांनीही पत्ते दाखवायचे. त्याने आपले उघडले. पंजाची जोडी! असल्या फुटकळ जोडीवर कुणी सर्वस्व पणाला लावतं का? पण ताईच्या हातात तेवढंही नव्हतं. तिने नुसतीच थाप मारली होती आणि ती साफ पकडली गेली होती.

"सर, तुमची सातवी टीप म्हणजे रामबाण!" एजंट ओरडला.

सर म्हणजे तिचा धाकटा भाऊ. रविवारी दुपारी तो आपल्या घरातल्या कोपऱ्यावरच्या खोलीत नो-लिमिट पोकर शिकवायचा. पैसे नाहीत, प्लॅस्टिकच्या चकत्या. पण वाटेल तेव्हा होतं नव्हतं ते सगळं लावायची मुभा. आज एक शिष्य आला नव्हता, म्हणून सहज भेटायला आलेल्या ताईला त्याने त्या खुर्चीत बसवलं होतं.

"कसली टीप?" तिने विचारलं.

भाऊ एकदम पत्ते पिसण्यात गढून गेला. एजंटच उत्साहाने सांगू लागला. "पत्ते नाही, माणूस वाचायचा. सरांच्या ओळखीत एक बाई आहेत. काही बोलून वर 'असो' म्हणाल्या, की समजायचं, ओठांवर एक आणि पोटात भलतंच."

"अय्या, म्हणजे त्या बाई तुम्हीच?" शेजारची बँकवाली म्हणाली, आणि सगळे खो खो हसले.

ताईही हसली. चारचौघांत दुसरं काय करणार? पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. लहानपणी शर्टाच्या बटणांवर याला पत्ते शिकवले ते तिने, आणि याने तिलाच फळ्यावर टांगलं! फळ्यावर खरोखरच टिपा लिहिलेल्या होत्या. सातवीच्या खाली आठवी होती: 'ज्याला पत्ते टाकून डाव सोडून द्यायची सवय आहे, त्याच्यावरच दाबून खेळा.'

मंडळी गेली. ताईने पर्स खांद्याला लावली, पण ती उठून दारापाशीच थांबली.

"तुझं नाव कुठे घेतलं होतं मी?" भाऊ म्हणाला.

"उपकार केलेस."

"गंमत असते गं. चिडतेस काय एवढी?"

"कधीपासून माहीत आहे तुला माझं हे 'असो'?"

तो हसला. शाबासकी मिळणार असल्यासारखा. "बटणांवर खेळायचो तेव्हापासून. तुला काय वाटलं, मी नशिबाने जिंकायचो?"

ताई खिडकीकडे बघत राहिली. या खोलीत दिवसभर सारखा उजेड असतो. समोरच्या लांब भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता तिने मनातल्या मनात कितीदा लावला होता. आज ती औषधाच्या दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत चष्म्याचे नंबर काढते. तिथे अंतर पुरत नाही, म्हणून पेशंटला अक्षरं आरशात वाचावी लागतात.

"आई गेल्यावर तू मला इथेच विचारलं होतंस," ती म्हणाली. "घर एकट्याच्या नावावर करून घेऊ का म्हणून. मी काय म्हणाले होते?"

त्याचे पत्ते पिसणारे हात थांबले. "घे म्हणालीस. मला कुठे लागतंय, म्हणालीस."

"आणि शेवटी?"

तो पुन्हा पत्त्यांकडे वळला. पिसताना एक पत्ता निसटून टेबलाखाली गेला. तो उचलायला कुणीच वाकलं नाही.

"ताई, जुनं झालं ते. जाऊ दे ना आता. बस, मी चहा टाकतो."

सवयीने तो शब्द तिच्या अगदी जिभेवर आला. तिने दात घट्ट मिटले. मग पर्स काढून खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि ती त्याच्या बरोब्बर समोर बसली.

"चहा नको," ती म्हणाली. "बघते. उघड पत्ते."