परक्याचा भाव

माझा धंदा नेमका काय, हे माझ्या आईला अजून कळलेलं नाही. नातेवाइकांना ती सांगते, "कोर्टात असते, पण खुनाबिनाचं नाही करत." खरं तर सोपं आहे. एका कंपनीने दुसऱ्या देशात दुसरी कंपनी काढली की पहिली झाली आई आणि दुसरी झाली मुलगी. या मायलेकी एकमेकींना माल विकतात, आणि कर खात्याला वाटतं की या लबाड आहेत, मुद्दाम स्वस्तात देऊन नफा कमी कराच्या देशात सरकवतात. या भानगडीला ट्रान्सफर प्रायसिंग म्हणतात. मी मायलेकींच्या बाजूने उभी राहते आणि शपथेवर सांगते की रक्ताच्या असल्या तरी या अगदी परक्यासारख्या वागतात, भावही परक्याचाच लावतात. असं बोलण्याचे पैसे मिळतात, यावर आईचा विश्वास बसत नाही.

झिपांची केस माझी पहिली एकटीची. त्याआधी ज्यांचं ऑफिस त्या वकील साहेबांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली की ऑफिसातली झाडंसुद्धा मला सीनियर मानायची. मुद्दे मी लिहायचे आणि गडगडाट साहेब करायचे. सुनावणी तोंडावर आली आणि साहेबांचा घसा बसला. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, तू उभी राहा, जिंकलीस तर भागीदारीचं बोलू. भागीदारी म्हणजे बोर्डावर नाव आणि फीमध्ये वाटा. मी वॉशरूमची कडी लावून आरशासमोर मनसोक्त नाचले.

पुरावे वाचले आणि नाच उतरला. मुलगी कंपनी बॅगांच्या झिपा बनवायची आणि आई कंपनीला विकायची. परक्यांमध्ये होते तशी घासाघीस मला दाखवायची होती, पण कारखान्याच्या मॅनेजरबाई आणि आई कंपनीचे खरेदीप्रमुख यांचे ईमेल नुसता साखरेचा पाक होते. 'आपण म्हणाल तसं.' 'आपल्यावर विश्वास आहेच.' भावावरून कधी वाजलं का, असं मी दोघांना परोपरीने विचारलं. छातीवर हात ठेवून दोघं म्हणाले, आमच्यात तसलं काही नाही. मी कपाळाला हात लावला आणि विनवलं, निदान साक्षीच्या दिवशी तरी फार गोडीगुलाबीने वागू नका.

ते त्यांनी फारच मनावर घेतलं. न्यायाधिकरणात दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले. अध्यक्षांनी मॅनेजरबाईंना विचारलं, या गृहस्थांना ओळखता का? बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पाहिल्यासारखं वाटतंय." खात्याच्या वकिलाने शांतपणे कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. त्यातल्या फोटोत दोघं एकच सुरी धरून केक कापत होते. बोर्डावरचं माझं नाव लागण्याआधीच पुसलं जाताना दिसायला लागलं.

अध्यक्ष तापले. मग भाव ठरला तरी कसा, असं त्यांनी खरेदीप्रमुखांना दरडावून विचारलं. ते बिचारे सावरायला गेले.

"बाई फार समजूतदार आहेत, साहेब. मी मागितलं आणि त्यांनी दिलं."

"दिलं?" मॅनेजरबाई उभ्याच राहिल्या. "तीन आठवडे माझा जीव खाल्लात, आणि दिलं म्हणता?"

"खाल्ला, कारण तुमच्या झिपा मध्येच अडकायच्या."

"तुमच्या बॅगेचं कापड गोधडीसारखं जाड, झिप काय करणार त्याला?"

"म्हणूनच मी बाहेरून भाव मागवला होता."

"मागवलात ना? आणि त्या बाहेरच्याने माझ्याएवढाच सांगितला, तेव्हा आलात शेपूट घालून."

माझ्या कानांत ढोल वाजत होते, तरी मी जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं की त्या बाहेरच्या कंपनीचं या दोन्ही कंपन्यांशी काही नातं आहे का. "छे हो," खरेदीप्रमुख घाम पुसत म्हणाले, "साधी ओळखपाळखसुद्धा नाही." ज्या परक्याच्या भावासाठी मी इतके दिवस रान धुंडाळत होते, तो त्यांच्याकडे लेखी पडून होता. खात्याच्या वकिलाने हरकत घेतली, पण अध्यक्षांनी ते दरपत्रक दाखल करून घेतलं. मला दोघांचे मुके घ्यावेसे वाटले.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना फैलावर घेतलं, हे आधी का नाही सांगितलंत? मॅनेजरबाई पदराआड लपावं तशा ओशाळल्या. "घरातली भांडणं वकिलासमोर कशी काढायची? तुम्हाला काय वाटलं असतं आमच्याबद्दल?"

महिन्याभराने निकाल आमच्या बाजूने लागला. तोवर साहेबांचा घसाही सुटला होता. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पाठ थोपटली, डोळे भरून आणले. म्हणाले, नाव उद्याच बोर्डावर लावू. वाट्याचं पुढेमागे बघू, त्याची काय घाई?

"तू काय आम्हाला बाहेरची आहेस का?" ते म्हणाले.

या वाक्यावर मी आजवर दर वेळी विरघळले होते. पगारवाढ राहिली तेव्हा, सुट्ट्या बुडाल्या तेव्हा, माझे मुद्दे त्यांच्या नावाने छापून आले तेव्हासुद्धा. आताही विरघळायला झालंच, कारण माणूस मनापासून बोलत होता. पण अंगात त्या झिपवाल्या बाई संचारल्या होत्या आणि मला हसू आवरेना.

"साहेब, समजा मी बाहेरची आहे," मी म्हटलं. "नातं नाही, ओळखपाळख नाही. रस्त्यावरून आले आणि ही केस जिंकून दिली. किती वाटा द्याल?"

साहेबांनी चष्मा काढला. टेबलावर ठेवला.

"बाहेरची असतीस तर तिसरा हिस्सा मागून पाय आपटले असतेस."

मी खुर्चीतून उठले आणि पाय आपटला.

साहेबांनी बाह्या सरसावल्या, पाचव्या हिश्श्यापासून सुरुवात केली, मी तिसऱ्यावरून हलेना, ते टेबलावर मूठ आपटून गरजले, मीही गरजले. बाहेर सगळं ऑफिस दाराला कान लावून उभं होतं. इतकी वर्षं त्यांनी मला मुलीसारखं वागवलं होतं. माझी किंमत मात्र ते पहिल्यांदाच करत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की ते चौथ्यावर आले तरी मी मुद्दाम आणखी अर्धा तास अडून बसले.