सूर्य भलतीकडे उगवला

टीव्हीच्या पडद्यावर समुद्रातून सूर्य उगवला आणि हाजराबीच्या पडवीत दाटीवाटीनं बसलेली चाळीस माणसं एकदम गप्प झाली.

उगवला म्हणजे ढळढळीत उगवला. मालिकेतली वत्सला दारात उभी, हातात पूजेचं ताट, कुठंतरी कोंबडा आरवतोय आणि समोर पाण्यातून लाल गोळा वर येतोय. आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला. सूर्य तिथंच होता. उलट दोन बोटं वर चढला होता.

"आप्पा, ह्यो उगवतो हाय का बुडतो हाय?" रघूनं विचारलं.

"कोंबडा आरवतोय ना? मग उगवतोय!" आप्पांचा आवाज चिरकला. "बासष्ट वर्षं ह्या दर्याकाठी काढली. रोज सूर्य त्यात बुडताना बघितला. आज म्हणे उगवला!"

मग पडवीत एकच गलका झाला. कुणी म्हणालं, देशाच्या दुसऱ्या टोकाला, उगवतीच्या दर्यावर जाऊन फोटू काढल्यानी मेल्यांनी. कुणी म्हणालं, आमाला काय येडं समजल्यानी? त्या गलक्यात एकटी मथुरा पडद्याकडे टक लावून बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आप्पांनी ते पाहिलं. बिचारीच्या वत्सलेची पार माती केली, असं त्यांना वाटलं. माणसांच्या मनातलं आपल्याला कळतं, असा आप्पांचा समज होता. बत्तीस वर्षं पत्रं वाटलेल्या पोस्टमनचा असा समज होतोच.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या शिमग्याआधीची. जयगडच्या खाडीकाठच्या त्या वाडीत टीव्ही एकच, हाजराबीचा. तिचा नवरा हमीद दुबईला असायचा, त्यानं येताना आणलेला. अँटेना माडाला बांधलेली, त्यामुळे वारा सुटला की चित्राला मुंग्या यायच्या. तरी दर गुरुवारी संध्याकाळी अख्खी वाडी तिथं जमायची, आणि हाजराबी सगळ्यांत पुढची जागा मथुरेसाठी राखून ठेवायची. का ठेवते, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ते उघडच वाटायचं.

कारण दोन वर्षांपूर्वी 'लाटेपलीकडचं घर' सुरू झालं, तेव्हा पहिल्याच गुरुवारी बायकांनी एकमेकींना कोपरं मारली होती. वत्सलाचा नवरा होडी घेऊन गेला तो परत आला नाही. मथुरेचा नवरा शिवा मुंबईहून मालाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला, त्याचाही नऊ वर्षांत पत्ता नव्हता. मालिकावाल्यांनी वाडीत येऊन, मथुरेच्या पायरीवर बसून लिहिलंय की काय, असं वाटावं! वत्सला मासळी निवडायची ती निवडणाऱ्या बाईसारखी, भरतीची वेळ बघून कामाला लागायची, आणि रोज संध्याकाळी किनाऱ्यावरच्या खांबाला कंदील टांगायची. तेरा भाग झाले. तेराव्या भागात तिनं कंदील उतरवला, घरात आली, दार लावलं, स्वतःला गरम भात आणि बांगड्याचं कालवण वाढून घेतलं आणि पोटभर जेवली. संपलं. बाकी काही नाही.

वाडी महिनाभर चडफडली. नवरा आला पायजे व्हता, असं सगळ्यांचं मत पडलं. एकटी मथुरा त्या दिवशी हसत घरी गेली. बाईचा धीर मोठा, असं आप्पा तेव्हा चारचौघांत म्हणाले होते.

आणि आता वर्षभरानं मालिकेचे पुढचे तेरा भाग आले. आले म्हणजे काय, बिघडलेल्या दुधासारखे आले. वत्सलाच बदलली होती! कुणी भलतीच गोरीगोमटी बाई, नखांना लाल रंग लावून मासळी धुवायची आणि नाकाला पदर लावायची. घराचा झाला बंगला. नवरा दुसऱ्याच भागात परत आला, तोही स्मृती गेलेला, झुपकेदार मिशा लावून. आणि ह्या नव्या वत्सलानं त्याला एक शब्द विचारला नाही. धावत गेली आणि पायांवर डोकं ठेवलं. आप्पांना त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. घरातलं माणूस रात्रीत बदलून दुसरंच कुणी येऊन बसावं, तसं त्यांना झालं होतं. आज सूर्यानं उरलासुरला विश्वासही बुडवला.

पण त्या मालिकेनं खरी फोडणी घातली ती महिपतच्या डोक्यात. महिपत शिवाचा थोरला भाऊ. मथुरेची मुलगी राही एकोणीस वर्षांची होती, आणि हर्ण्याहून एक चांगलं स्थळ दोनदा सांगून आलं होतं. मुलगा होडीवरचं इंजिन दुरुस्त करणारा, निर्व्यसनी, राहीला पसंत. महिपत मनानं होकारापर्यंत आलाही होता. तेवढ्यात मालिकेतला नवरा परत आला.

"बघ मथुरा," महिपत म्हणाला होता, "दहा वर्सांनी आला का नाय? आपला शिवाही येल. बापूस जित्ता असताना कन्यादान मी करू? लोकं शेण घालतील तोंडात. ह्या वर्षी ऱ्हावू दे."

हर्णेकरांनी निरोप पाठवला होता, शिमग्यापर्यंत थांबतो, पुढं नाही. शिमगा आठ दिवसांवर आला होता. मथुरा काही बोलली नव्हती. नऊ वर्षं ती काहीच बोलत नव्हती. दर शिमग्याला देवाची पालखी तिच्या अंगणात यायची, गुरव गाऱ्हाणं घालायचा, 'बा महाराजा, ह्या घरचा शिवा परमुलखात गेला हाय, त्याला सुखरूप दारात आणून उभा कर,' आणि सगळी वाडी एका आवाजात म्हणायची, 'व्हय महाराजा!' मथुरा मान खाली घालून ओटी भरायची.

सूर्य उगवला त्या संध्याकाळी घरी जाताना आप्पांनी निश्चय केला. वाडीच्या नमनाचा, शिमग्यातल्या खेळाचा, वग दरवर्षी तेच लिहायचे. गण झाला, गवळण झाली, की पुढं आप्पांचा वग. ह्या शिमग्याला 'लाटेपलीकडचं घर' आपण करायचं! जसं व्हायला हवं होतं तसं. मासळी मासळीसारखी, भरती भरतीच्या वेळेला आणि सूर्य बुडायचा तिथंच बुडणारा. वत्सला रघू करणार. वाडीच्या नमनात बायकांची कामं पुरुषच करायचे, आणि रघूनं पदर सावरला की भल्याभल्या बायका आपला पदर तपासायच्या. नवराही परत येईल, पण रीतीनं येईल. आप्पांनी तीन दिवसांत वही भरली. लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर मथुराच होती. हा वग म्हणजे तिच्या धीराला आपला नमस्कार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

रविवारी दुपारी हाजराबीच्या पडवीतच वाचन ठेवलं. आप्पा खुर्चीवर, समोर रघू, बाजूला महिपत, आणि बाकी मंडळी नेहमीसारखी. मथुरा खांबाला टेकून बसली होती, शेजारी राही.

वाचन रंगलं. मासळीच्या प्रसंगाला बायकांनी माना डोलावल्या. सूर्य पश्चिमेला बुडाला, तेव्हा तर टाळ्या पडल्या! मग आप्पांनी आवाज खाली आणला.

"भरतीची वेळ. धक्क्याला होडी लागते. खांद्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन एक माणूस उतरतो. केस पिकलेत. तो वत्सलाच्या दाराशी येतो. कडी वाजवतो. वत्सला उठते..."

रघू उठलाच. त्यानं हवेतल्या अडसरावर हात ठेवला, आणि हात असा थरथरला की महिपतनं उपरण्यानं डोळे टिपले.

"आणि गुरव म्हणतो," आप्पांनी पान उलटलं, "बा महाराजा, परमुलखात गेलेला आज दारात आणून उभा केलास..."

"व्हय महाराजा!" अख्खी पडवी गरजली.

"रघू," मथुरा म्हणाली, "दार उघडू नको."

रघूचा हात हवेतच राहिला. आप्पांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हणालीस, मथुरा?"

"दार उघडू नको म्हणते. त्याला जाऊ दे आल्या वाटंनं."

"अगो, शिमग्याचं सोंग हाय ता," महिपत चिडून म्हणाला. "तुजं काय जातंय त्यात?"

"माजी पोरगी जाते, भावोजी." ती उभी राहिली. "टीवीतला आला म्हणून तुमी हर्णेकरांना थांबवलंत. आता वगातला आला की दहा वर्सं थांबवाल. आपला यायचा नाय. तो बुडलेला नाय, हरवलेला नाय. विशाखापट्टणमला हाय. त्यानं दुसरं घर केलान. त्याला झील हाय तिकडं, पोरगा आता शाळंत जात असंल."

आप्पांच्या मांडीवरून वही घसरून खाली पडली. ती उचलायचं त्यांना सुचलं नाही. महिपतचं तोंड उघडंच राहिलं होतं. राही आईकडे अशी बघत होती, जणू ही बाई तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली असावी.

"कुणी सांगितलान तुला?" महिपतनं कसंबसं विचारलं.

मथुरेनं हाजराबीकडे पाहिलं. हाजराबी आत गेली आणि बिस्किटाच्या डब्यातून एक जुनं आंतर्देशीय पत्र घेऊन बाहेर आली. तिनं ते महिपतला दिलं नाही, आप्पांच्या हातात दिलं.

"आठ वर्सं झाली," हाजराबी म्हणाली. "तवा हिला वाचता येत नव्हतं. माझ्याकडं घेऊन आली. मी वाचलं. कुणाला सांगनार नाय म्हणून हिनं माझ्याकडून वचन घेतलान."

आप्पांनी पत्र उलटंपालटं केलं आणि एकदम डोळ्यांजवळ नेलं. पत्त्याच्या बाजूला, कोपऱ्यात, पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'दार बंद. उद्या देणे.' अक्षर त्यांचंच होतं. तो 'द' असा वेलांटीसारखा काढणारा सबंध तालुक्यात एकच पोस्टमन होता.

"तुमीच आणून दिलंत, आप्पा," मथुरा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच आप्पांना सोसवेना. "दुसऱ्या दिशी परत चढण चढून आलात. वर नाव नव्हतं, शिक्का पुसट. म्हणालात, तुज्या मामाचं दिसतंय गो, खुशाली असंल."

आप्पांना आठवेना. किती चढणी चढले, किती पत्रं दिली! ह्या एका पत्रानं एका बाईचं आयुष्य उलटंपालटं केलं, आणि देणाऱ्याला त्याची वार्ताही नव्हती. वर पुन्हा आठ शिमगे तिच्या अंगणात उभं राहून 'व्हय महाराजा' म्हणायला सगळ्यांत मोठा आवाज आप्पांचाच.

त्यांनी पत्र उघडलं. चार ओळी होत्या. त्यांनी त्या मोठ्यानं वाचल्या, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "विशाखापट्टणमला आहे. इथला दर्या उलटा आहे. सूर्य पाण्यातून उगवतो. मी इथेच घर केलं आहे, मुलगा झाला आहे. माझी वाट बघू नये. राहीला सांभाळावे."

सूर्य पाण्यातून उगवतो! त्या गुरुवारचा मथुरेचा पांढरा चेहरा आप्पांना दिसला. सगळी पडवी मालिकावाल्यांना शिव्या घालत होती, तेव्हा ती बाई नवऱ्याचा दर्या बघत बसली होती.

"बोलली का नायस गो?" महिपतचा आवाज फुटला. "आठ वर्सं आमी देवाला..."

"सासूबाई व्हत्या. त्यांनी अंथरूण धरलान असतं. त्या गेल्या मागल्या साली." मथुरेनं पदर खोचला. "आणि हरवलेल्याच्या बायकोला लोकं मान देतात, भावोजी. टाकलेलीला इचारतात, तुज्यात काय खोट व्हती? माज्या पोरीला टाकलेलीची पोर म्हटलं असतं. म्हणून गप ऱ्हायले. त्या पयल्या वत्सलानं कंदील उतरवला, तवा मला वाटलं, आता आपणही उतरवावा. हिम्मत झाली नाय. मंग ह्या दुसरीनं धावत जाऊन पाय धरल्यान आणि तुमी सगळ्यांनी माज्याकडं बघितलंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

राही उठली आणि आईला चिकटून उभी राहिली. नव्या वत्सलाला नावं ठेवत बसलेली वाडी खऱ्या वत्सलाला तिच्यासारखंच नाचवायला निघाली होती.

महिपतनं तोंडावरून उपरणं फिरवलं.

"आप्पा," तो म्हणाला, "कार्ड हाय काय जवळ?"

आप्पा निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण सदऱ्याच्या खिशात कोरं पोस्टकार्ड अजून असायचंच. त्यांनी ते काढलं, पडलेली वही उचलून तिच्यावर ठेवलं आणि लेखणी उघडली.

"हर्णेकरांना लिवा. पोरगी दिली. कन्यादान चुलता करील." महिपत मथुरेकडे वळला. "चुलता आणि आई, असं लिवा."

आप्पांनी तसंच लिहिलं. कार्ड खिशात ठेवलं, आणि वहीतलं शेवटचं पान टर्रकन फाडलं. ते फाडताना त्यांना वाईट वाटलं नाही, नुसती लाज वाटली.

रघू अजून तसाच उभा होता, हवेतल्या अडसरावर हात ठेवून. पाच दिवसांवर शिमगा आणि वगाला शेवट नाही! त्यानं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मथुरेकडे पाहिलं.

"मंग मी शेवटाला काय करू, वैनी?" रघूनं हळूच विचारलं. "बाहेर तो कडी वाजवतो हाय."

"वाजवू दे," मथुरा म्हणाली. "तू बस आणि जेव. भात गरम हाय तवर जेवून घे."