फ्लेक्सच्या पाठीवरचे भीमराव

मी फ्लेक्स बोलतोय. चौकात विजेच्या खांबाला बांधलेला, तुमचा सिग्नल झाकणारा, तोच. लगेच नाक मुरडू नका. आता मी कुणाच्या वाढदिवसाचा राहिलेलो नाही. घरगुती झालोय.

माझा जन्म बुधवार पेठेतल्या एका छपाईच्या दुकानात झाला, चहा येऊन संपेपर्यंतच्या वेळात. दहा फूट लांब, आठ फूट उंच. पुढच्या अंगाला पोपटभाऊ. काळा गॉगल, कानाला मोबाईल, आणि पलीकडून कुणीतरी फार मोठा माणूस बोलतोय असं हसू. खाली शुभेच्छुकांचे एक्केचाळीस चेहरे, पासपोर्ट फोटोच्या मापाचे. त्यातला एक जण खालच्या ओळीत गेला म्हणून दोन महिने भाऊंशी बोलत नव्हता, असं पुढे माझ्या कानावर आलं. माझ्या कानावर बरंच येतं. चौकात टांगलेल्याला ऐकण्यावाचून दुसरं काम काय?

नऊ दिवस मी चौक सांभाळला. दहाव्या दिवशी अतिक्रमणवाल्यांची गाडी येणार अशी कुणकुण लागली आणि भाऊंच्याच पोरांनी मला उतरवलं. तिथून मी पुलापलीकडच्या वस्तीत हेमाताईंच्या पत्र्यावर गेलो. हेमाताईंनी मला भाऊंचं तोंड खाली करून अंथरलं. म्हणाल्या, "वर तोंड केलं की कावळे बसतात." दोन वर्षं मी त्या घरावर पडून होतो. घरात काय शिजतं, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं मला पाठ. सांगत नाही, कारण तो आजचा विषय नाही.

हेमाताईंची मुलगी सोनाली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, पण वहीच्या मागच्या पानांवर सगळी माणसं. तिने एका रविवारी मला खाली ओढलं, निरम्याने घासलं आणि समाजमंदिरात नेलं. तिथे माझ्यासारखे आणखी पंधरा जण गुंडाळ्या होऊन पडले होते. कुणी दहीहंडीचा, कुणी नवरात्राचा, कुणी 'आमच्या हक्काचा माणूस'.

ही सगळी बुद्धभूषणची कल्पना. हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. वस्तीत त्याच्याइतकं भराभर इंग्रजी कुणी बोलत नाही आणि त्याच्याइतक्या भराभर थापाही कुणी मारत नाही. तो पोरांना म्हणाला, "कॉन्सेप्ट सिंपल आहे. जी माणसं आयुष्यात कधी फ्लेक्सवर आली नाहीत, ती आपण फ्लेक्सच्या पाठीवर काढायची. कम्युनिटी आर्ट. दोन दिवसांचं एक्झिबिशन. बास."

मला हे आवडलं. पाठ मला होती, पण तिला कधी कुणी विचारलं नव्हतं.

सोळा पोरांनी सोळा माणसं निवडली. सोनालीच्या वाट्याला भीमराव आले. आले म्हणजे, चंद्रभागाबाईंनी आणले.

चंद्रभागाबाई हेमाताईंच्या शेजारच्या. भीमराव त्यांचे मालक, नारायण पेठेतल्या एका छापखान्यात पुस्तकं बांधायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली आणि घरात त्यांचा एकही फोटो नाही. मतदार ओळखपत्र आहे, पण त्यावर चेहऱ्याच्या जागी काळा डाग. लग्नातला एकच फोटो होता. तो मंडळाची पोरं श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी घेऊन गेली आणि वाटेत हरवून बसली. मग त्या फ्लेक्सवर फोटोच्या जागी समई छापली. वस्तीतल्या लग्नांचे अल्बम धुंडाळले, तर प्रत्येक पंगतीत भीमराव आहेत, पण वाढपी. हातात मठ्ठ्याची बादली, मान खाली, चेहऱ्यावर टोपीची सावली.

"इतकी वर्षं चाललं की फोटोशिवाय," हेमाताई म्हणाल्या.

"चाललं. आता नाही चालायचं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "काचबिंदू आहे. एक डोळा गेला. दुसराही जातोय. डॉक्टर म्हणाले, आजी, काय बघायचं ते बघून घ्या. टीव्ही तर बघून झाला माझा. यांनाच तेवढं बघायचंय."

सोनालीने माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि कामाला लागली. पंगतीत उभा माणूस, हातात बादली, पण मान वर. धड झालं, हात झाले. चंद्रभागाबाई रोज स्टीलचं स्टूल घेऊन यायच्या आणि माझ्यापासून वीतभर अंतरावर बसून बघायच्या. हात बघून म्हणाल्या, "हे त्यांचेच. पुस्तकं चिकटवायच्या खळीने अशीच तडकलेली बोटं." ज्या दिवशी हात ओळखले, त्या दिवशी त्यांनी दोन घास जास्त खाल्ले, असं हेमाताई सांगत होत्या.

घोडं अडलं ते चेहऱ्यापाशी.

"आजी, नाक कसं होतं?"

"नाकासारखं."

"म्हणजे लांब, बसकं?"

"अगं, चाळीस वर्षांत मी नाक कधी मोजलं?"

मग वस्ती मदतीला धावली. आपल्याकडे मदतीला तोटा नाही. हेमाताई म्हणाल्या, मिशी झुपकेदार. समोरच्या दुकानदाराने सांगितलं, मिशी नव्हतीच. कुणी म्हणालं कपाळ रुंद, कुणी म्हणालं कपाळ दिसलंच कधी, टोपी असायची. सोनाली काढायची, लोक हात वर करून मत द्यायचे, ती ओल्या फडक्याने पुसायची. माझ्या पाठीवरून भीमराव नऊ वेळा आले आणि नऊ वेळा गेले. एकदा तर हुबेहूब दुकानदारच उतरला होता. त्याला तोच सगळ्यात चांगला वाटला.

प्रदर्शनाचा शनिवार उजाडला तेव्हा सगळं चित्र तयार होतं, आणि टोपीच्या खाली, गळ्याच्या वर, कोरी पांढरी जागा.

"मी हे लावणार नाही," सोनाली रडकुंडीला आली.

"लाव गं. कोणी विचारलं तर सांगू, वर्क इन प्रोग्रेस," बुद्धभूषण म्हणाला.

उद्घाटनाला पोपटभाऊ. दुसरं कोण? फीत कापून ते माझ्यासमोर आले, सोळा चित्रं पाहिली आणि म्हणाले, "पोरांनो, छान. पण यात आम्ही कुठं दिसत नाही?"

"भाऊ, तुम्ही आमच्या पाठीशी आहात," बुद्धभूषण म्हणाला.

भाऊ इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे दोन पंखे जाहीर केले. आणि त्यांचा गॉगलवाला चेहरा माझ्या पलीकडे भिंतीला नाक लावून उभा होता. मी काही बोललो नाही. शुभकार्यात कशाला?

दुपारी अभिनव सर आले. शहरातल्या एका मोठ्या कलादालनात कुठलं चित्र कुठे टांगायचं हे ते ठरवतात. खादीचा कुडता, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. पंधरा चित्रांवरून ते चालण्याचा व्यायाम केल्यासारखे गेले आणि माझ्यापाशी थांबले. दोन पावलं मागे गेले, एक पुढे आले.

"हा कोरा चेहरा!" ते म्हणाले. "केवढं धाडस! राबणाऱ्याचे हात आपण पाहतो, चेहरा पाहत नाही. कुणाची कल्पना?"

सोनालीने तोंड उघडलं, तेवढ्यात बुद्धभूषण म्हणाला, "सर, खूप विचार केला त्यावर. आधी नऊ चेहरे ट्राय केले. मग वाटलं, नकोच."

बघा, यात खोटं एक अक्षर नव्हतं.

बातमी पसरली. रविवारी कोथरूड-बाणेरकडून गाड्या आल्या. लोक माझ्यासमोर गप्प उभे राहायचे, मग हळूच फोटो काढायचे. एक बाई तर डोळे पुसून गेल्या. चंद्रभागाबाई त्यांच्या स्टुलावर होत्याच. दर अर्ध्या तासाने विचारायच्या, "झाला का गं चेहरा?" अभिनव सरांनी त्यांचाही फोटो काढला, कोऱ्या चेहऱ्याकडे बघतानाचा. चंद्रभागाबाईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही डोळ्यांचे डॉक्टर का?"

संध्याकाळी सरांनी सोनालीला बाजूला घेतलं. पुढच्या शनिवारी टेम्पो येईल. हे चित्र कलादालनात पहिल्या भिंतीवर लागेल. तिच्यासाठी वर्षभराच्या चित्रकला शिबिराची शिफारस ते स्वतः लिहितील. "एकच लक्षात ठेव. आता याला ब्रश लावायचा नाही."

घरी हेमाताईंनी देवळात गेल्यासारखे हात जोडले. वहीच्या मागच्या पानांचं काहीतरी होणार हे त्यांना पहिल्यांदाच पटलं. आणि सोनाली चंद्रभागाबाईंच्या दाराकडे बघत बसली.

"अगं, त्यात काय?" हेमाताई म्हणाल्या. "म्हातारीला वेगळ्या कागदावर काढून दे चेहरा."

सोनालीने जाऊन तसं विचारलंही. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "नुसतं मुंडकं घेऊन काय करू? हात इथे आहेत त्यांचे." मग म्हणाल्या, "तुझं नुकसान होत असेल तर राहू दे हं. मला सवय आहे."

म्हाताऱ्या माणसांनी "राहू दे" म्हटलं की समोरच्याची झोप उडते. हे त्यांना ठाऊक असतं की नसतं, ते मला अजून कळलेलं नाही.

बुधवारी दुपारी सोनालीने समाजमंदिराचं दार आतून लावलं. आत तिघं. ती, चंद्रभागाबाई आणि मी. या वेळी तिने नाकाची चौकशी केली नाही. विचारलं, "आजी, भाजीत मीठ जास्त झालं की ते काय करायचे?"

"बोलायचे नाहीत. असं बघायचे." आणि चंद्रभागाबाईंनी तसं बघून दाखवलं. एक भुवई वर, ओठ आत, हनुवटी जरा पुढे. सोनाली बघतच राहिली. तो चेहरा चंद्रभागाबाईंचा नव्हता.

"आणि पगार झाला की?"

चंद्रभागाबाईंनी गाल एका बाजूने ओढला, डोळे बारीक केले.

"आणि तुमच्यावर रागावले की?"

"रागवायचे कसले? असे व्हायचे," म्हणत त्यांनी खालचा ओठ पुढे काढला, आणि स्वतःच हसत सुटल्या.

दोन तास त्या भीमराव होत होत्या आणि सोनाली त्यांच्या तोंडावरून भीमराव उतरवून घेत होती. मतदान झालं नाही. मिशीचाही निकाल लागला: होती, पण बेताची, आणि उजवीकडे जरा कमी, कारण आरशाला तडा होता. हेमाताई दार वाजवून थकल्या. चंद्रभागाबाई आतूनच ओरडल्या, "तू जा गं. तुला काय ठाऊक? तू तेव्हा परकरात होतीस."

रंग वाळला तसं चंद्रभागाबाईंनी स्टूल पुढे ओढलं. चांगला डोळा माझ्या इतक्या जवळ आणला की पापणी मला लागली. मग पदर डोक्यावरून सारखा केला आणि म्हणाल्या, "म्हातारे नाही झालात तुम्ही."

शनिवारी टेम्पो आला. मागून अभिनव सर. माझ्यासमोर उभे राहिले आणि कुणीतरी गेल्याची बातमी कळावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"हे काय केलंस, सोनाली? आता हे एक सामान्य माणसाचं सामान्य चित्र झालं."

"सामान्यच होते ते," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

टेम्पो रिकामा गेला. पहिल्या भिंतीवर माझा आधीचा फोटो लागला, कोऱ्या चेहऱ्याचा. खाली 'अनाम' असं नाव. लोक तिथेही गप्प उभे राहत होते म्हणे. शिबिराची शिफारस आली नाही. सोनालीचं बी.कॉम. चालू आहे. रविवारी ती वस्तीतल्या पोरांना चित्रकला शिकवते, आणि तिच्या वहीची मागची पानं आता पुढपर्यंत आली आहेत. हेमाताई चार दिवस चंद्रभागाबाईंशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी साखर संपली म्हणून बोलल्या.

मी आता चंद्रभागाबाईंच्या खोलीत आहे. माझ्यामानाने खोली बुटकी, म्हणून मला खालून दुमडलंय. भीमराव गुडघ्यांपासून वर उभे आहेत. त्यांची कुरकुर नाही. त्यांचा स्वभावच तसा, हे मला एव्हाना कळलंय.

दुसरा डोळा त्यानंतर सात आठवडे टिकला. त्या सात आठवड्यांत चंद्रभागाबाईंनी टीव्ही एकदाही लावला नाही. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. सकाळी उठल्या की माझ्याकडे तोंड करून चहा पितात, अगदी बरोबर माझ्याच दिशेला.

कुणी आलं-गेलं की त्या विचारतात, "कसे दिसतात?" लोक बिचारे चांगुलपणाने म्हणतात, "छान आहेत हो," आणि विषय संपतो. चंद्रभागाबाई "बरं" म्हणतात आणि गप्प होतात. पण परवा दुकानदार म्हणाला, "हनुवटी काही पटत नाही बुवा." झालं! चंद्रभागाबाई सरसावून बसल्या. "तुम्हाला काय ठाऊक हनुवटी? पानशेतला गेलो होतो तेव्हा..." तासभर बोलत होत्या. मध्ये दोनदा तोंड करून दाखवलं. दुकानदाराचं गिऱ्हाईक परत गेलं, पण माझ्या पाठीवरचे भीमराव इतके ताजे बऱ्याच दिवसांत दिसले नव्हते.

म्हणून तुम्हाला एक विनंती. पुलापलीकडे आलात तर हेमाताईंच्या शेजारचं दार, उघडंच असतं. आत या, मला नीट बघा, आणि "छान" म्हणून उठू नका. एखादी चूक काढा. कानाची काढा, भुवईची काढा, तुम्हाला जमेल ती. पुण्यात राहता, तेवढं अवघड जाऊ नये.