उपाशी तळं

उपाशी ठेवल्याशिवाय शेवाळ तेल धरत नाही, हे सासूबाईंना सांगता सांगता माझी जीभ झिजली. खत बंद केलं की हिरवं शेवाळ पिवळट पडतं आणि जगण्यासाठी पोटात चरबी साठवतं. तीच आमचं डिझेल. पण सासूबाईंनी याच तळ्यात जन्मभर मासे पोसलेले. पिवळं तळं म्हणजे आजारी तळं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं.

तळं त्यांच्या नावावर. थोरले दीर तेंगफा ते सौरपट्ट्यांच्या कंपनीला द्यायला टपलेले. आजूबाजूची तळी तशीच झाकली गेली होती. मी आणि माझा नवरा शुईमू हटून बसलो. शेवटी सासूबाईंनीच अट घातली. भुतांचा सातवा महिना सरून समुद्रावर जायला हरकत उरली नाही की तेंगफाचा इंजिनाचा तराफा आमच्या तेलावर, कालवं वाढवायला समुद्रात रोवलेल्या बांबूंपर्यंत जाऊन धक्क्याला परत यायला हवा. आला तर तळं आमचं, नाही तर भाऊजींचं.

त्याच महिन्यातल्या पौर्णिमेच्या दुपारी गल्लीत दारोदार भुकेल्या आत्म्यांसाठी टेबलं मांडली होती. अख्खी कोंबडी, भात, फळं, दारू. उदबत्त्या विझायच्या आतच मी तळ्यावर सटकले. पाण्यावर तांदळाचा कोंडा तरंगत होता आणि काठावर युरियाचं रिकामं पोतं पडलं होतं. पाणी फिरवणारं चाक ते सगळं तळंभर पसरवत होतं. आधी मी ते बंद केलं, मग शुईमूला हाक मारली.

सासूबाई पलीकडे उदबत्ती घेऊन उभ्या होत्या.

"गावाबाहेरच्या भुतांना जेवण, आणि दारातलं तळं उपाशी? मला नाही बघवलं गं."

"आई, आमच्या तोंडचा घास काढलात तुम्ही." रागाने मला रडू फुटलं.

खाणं लागलं की शेवाळ साठवलेली चरबी मोडून वाढायला लागणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. कोंडा न पोचलेलं पाणी रातोरात गाळून घ्यायला शुईमूने पंप लांबच्या टोकाला नेला, मी मध्ये ताडपत्री आडवी ताणून पाणी अडवलं. गाळणयंत्र तापून थांबलं की त्यावर ओली फडकी टाकायची, पुन्हा चालू करायचं. सकाळी चाकाजवळचं पाणी हिरवंगार झालं होतं. सासूबाई त्याकडे बघून खूश दिसल्या. मला मात्र त्या हिरव्या रंगाची किळस आली.

तेल निघालं, पण जेमतेम. तेंगफाभाऊजींना आम्ही ते सांगितलं नाही.

महिना सरल्यावर आम्ही चौघं तराफ्यावर चढलो. इंजिनाने पहिल्याच झटक्यात आवाज धरला. भाऊजींनी "वास तर खानावळीसारखा येतोय" म्हणून टोमणा मारला. बांबूंना वळसा घालेपर्यंत माझी नजर डब्यातल्या तेलावरून हलली नाही. परतताना शुईमू वेग कमी कमी करत होता. भरती सरत होती, पाणी समोरून येत होतं. धक्क्यावरच्या माणसांचे चेहरे ओळखू येऊ लागले, आणि इंजिन खोकलं, मग गप्प झालं.

भाऊजींनी बांबू उचलला आणि तराफा रेटत धक्क्याला लावला.

"अट ती अट, आई," ते म्हणाले. आवाजात कुरघोडी नव्हती, त्यामुळे मला जास्तच लागलं. शुईमूने मान खाली घातली.

सासूबाई दोराला धरून उभ्या राहिल्या. "तळ्याने अट मोडली नाही, तेंगफा. मी मोडली. मी त्याला खाऊ घातलं."

"म्हणजे?"

"म्हणजे कंपनीला नाही सांग. यांना आणखी एक खेप मिळेल."

मग त्यांनी कमरेची किल्ली सोडली. खाद्याच्या कोठीची ती किल्ली त्यांनी कधी मुलांच्याही हाती दिली नव्हती. ती त्यांनी माझ्या मुठीत कोंबली.

"तुझ्याकडेच ठेव," त्या म्हणाल्या. "आणि मी मागितली तरी देऊ नकोस."