टाचण्यांची डबी

"फ्रीजरमध्ये बेअरिंग कुणी ठेवलंय?"

वहिनींचा आवाज स्वयंपाकघरातून मागच्या अंगणापर्यंत सहज पोचला. बर्फाच्या ट्रेखाली पिशवीत गुंडाळून ठेवलेलं ते लोखंडी कडं त्यांनी दोन बोटांत धरून बाहेर काढलं. ते इतकं गार होतं की बोटं चिकटली.

"एक नाही, दोन आहेत," धाकटा दीर दारातून म्हणाला. "अजून अर्धा तास राहू दे ना, वहिनी. गार झालं की आकसतं, मग केसिंगमध्ये अलगद बसतं. ठोकाठोकी करावी लागत नाही."

"आणि ते केसिंग कुठंय?"

छोट्याने नुसतं ओव्हनकडे पाहिलं. ओव्हनच्या काचेमागे मोटरसायकलच्या इंजिनाचं कवच निवांत शेकत बसलं होतं आणि जळक्या ऑइलचा वास आता कुठे वहिनींच्या डोक्यात शिरला.

"घर आहे का गॅरेज आहे हे? उद्या मलाही काढाल ग्रीसमध्ये बुडवून!"

"तू आधीच नीट चालतेस," छोट्या म्हणाला आणि हातातला फडका अंगावर यायच्या आत पसार झाला. हा छोट्या आता अडतीस वर्षांचा होता, पोस्टात होता, त्याच्या केसांत पांढरं दिसत होतं. पण वहिनी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि त्याच्या शाळेच्या शर्टाची बटणं त्याच लावून देत असत. त्यामुळे तो छोट्याच राहिला.

दरवर्षी हेच. गावाबाहेर एक जुनी, वापरात नसलेली धावपट्टी होती. विमानं कधीच बंद झाली होती, पण वर्षातून एकदा तिथे मोटरसायकलींची शर्यत होई. भंगारातून उचललेली टू-स्ट्रोक गाडी थोरल्या भावाने, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, दादांनी तयार करायची आणि धाकट्याने पळवायची, असा या घरचा रिवाज. शर्यत नेमकी शाळा उघडायच्या तोंडावर येई, म्हणजे वहिनींच्या शिवणाच्या ऐन घाईत. पुढच्या खोलीत गणवेशांचे ढीग आणि कापायच्या टेबलावर पिस्टन. बटणांच्या डबीला चोवीस खण होते, त्यांतले दहा दादांनी कधीच बळकावले होते. त्या खणांत जेट असत. जेट म्हणजे पितळेचा मण्याएवढा तुकडा. त्याला आरपार बारीक भोक, आणि त्या भोकातून जेवढं पेट्रोल जाईल तेवढं इंजिनाला मिळणार. नंबर मोठा तर भोक मोठं. प्रत्येक खणावर दादांच्या अक्षरात नंबराची चिठ्ठी होती, आणि बटणं एकदा या खणात गेली म्हणून दादांनी दोन दिवस अबोला धरला होता.

दादा शहराच्या पाणीपुरवठ्यात पंप मेकॅनिक होते. एकतीस वर्षं पंपहाऊसमध्ये काढलेली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या पंपावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डावा हात वर करायचा. हात वर गेला की कुणी बोलायचं नाही. मग ते डोळे मिटून सांगत, "आतलं बेअरिंग. आठ दिवस काढेल." आठव्या दिवशी ते जायचंच. साहेब लोकसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय पंप खोलत नसत. दादांकडे ना पदवी होती ना मोठी खुर्ची, हा कान तेवढा होता. त्याचा त्यांना किती अभिमान होता हे वहिनींना चांगलं ठाऊक होतं, कारण घरातही तो हात वर जाई आणि, "मध्ये बोलू नकोस," असं बजावलं जाई.

हल्ली मात्र कशानेतरी त्यांचं बिनसलं होतं. गेल्याच महिन्यात तीन नंबरचा पंप त्यांनी ठीक आहे म्हणून सांगितला आणि आठवड्यात तो जळाला. "ग्रीसच बोगस आलंय," असं ते चार दिवस घरी येऊन बडबडत होते. शिवाय दूध उतू गेलं तरी जागचे हलायचे नाहीत, दाराची बेल वाजली तरी पेपरातून मान वर करायचे नाहीत. वहिनींनी त्याचा सरळ अर्थ लावला होता. माणूस निवृत्तीला आला की आळशी होतो.

शनिवारी सकाळी इंजिन जोडून झालं. अंगणात गाडी स्टँडवर चढली, छोट्याने किक मारली आणि सगळी गल्ली निळ्या धुराने भरून गेली. शेजारच्या बाईंनी खिडकी आपटून लावली. दादा उकिडवे बसले, स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्यांनी डावा हात वर केला.

"साफ नाही अजून. आवाज जाड आहे. एक नंबर खाली."

कार्बोरेटरची वाटी उघडली, जेट बदलला, पुन्हा किक.

"अजून जाडच. आणखी एक खाली."

असं तीनदा झालं. शेवटी एकशे दहा नंबर बसला आणि दादांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. "आता बघ! आता कसा खणखणीत बोलतोय!"

वहिनी खिडकीशी मशीनवर बाही जोडत होत्या. त्यांचा पाय थांबला. इंजिनाच्या त्या सगळ्या गदारोळात एक बारीक आवाज होता. पत्र्याच्या डबीत टाचण्या हलवाव्यात, अगदी तसा. त्या आवाजाशी त्यांचा रोजचा संबंध होता, त्यामुळे तो चुकणं शक्यच नव्हतं. त्या बाहेर आल्या.

"अहो, आत काहीतरी किणकिणतंय."

"काही किणकिणत नाही."

"मला ऐकू येतंय ना!"

"तुला मशीनचा ऐकू येत असेल. छोट्या, प्लग काढ."

प्लग निघाला आणि वहिनींनीही वाकून पाहिलं. एकतीस वर्षं हा माणूस प्लग नाकाशी धरून शिकवत आला होता, की टोक काळं असलं तर पेट्रोल जास्त, चहाच्या रंगाचं असलं तर बरोबर, आणि पांढरं पडलं तर इंजिन उपाशी आहे, आत भट्टी झालीय. आजचा प्लग खडूसारखा पांढरा होता.

"हा पांढरा आहे," वहिनी म्हणाल्या.

"हल्लीचं पेट्रोलच तसं येतं. रंगावर जाऊ नकोस. आवाज साफ आहे, संपला विषय."

अकरा वर्षांपूर्वी असंच इंजिन उपाशी चालून तापलं होतं. पिस्टन आत चिकटला, मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि वर बसलेला छोट्या मात्र थांबला नाही. गळ्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे वहिनींनी पुन्हा त्याच्या शर्टाची बटणं लावली होती, या वेळी पोस्टाच्या खाकी शर्टाची. आणि तेव्हा तर वेग निम्मासुद्धा नव्हता.

'सांगून कळत नाही तर दाखवते यांना,' असं म्हणत त्या तरातरा आत गेल्या आणि टाचण्यांची डबी घेऊन आल्या. इंजिन बंद होतं. दादा पाठमोरे बसून रॉकेलने हात धूत होते. वहिनी त्यांच्या मागे दोन हातांच्या अंतरावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी डबी खळखळ हलवली. असा आवाज येतोय, असा, हे म्हणायला त्यांनी तोंड उघडलंच होतं.

भिंतीवरचा कावळा उडाला. छोट्याने चमकून वर पाहिलं. दादा बोटांच्या पेरांमधली काजळी काढत राहिले.

वहिनींनी डबी पुन्हा हलवली, जोरात. दादा फडक्याला हात पुसू लागले.

छोट्याने वहिनींकडे पाहिलं आणि वहिनींनी छोट्याकडे. दूध, दाराची बेल, तो तीन नंबरचा पंप, सगळं एका दमात वहिनींच्या डोक्यात जागच्या जागी बसलं. बोलणं कळत होतं त्यांना, पण बारीक आवाज कानातून गेले होते. किती बोललो आपण या माणसाला! आळशी म्हटलं, बेफिकीर म्हटलं, परवा तर भिंतीशी लग्न केलंय म्हटलं. त्यांना स्वतःचाच असा राग आला की डोळे भरून आले.

अंगावर सावली पडली तसे दादा वळले. "काय गं? टाचण्या घेऊन का उभी?"

"सांडल्या होत्या," वहिनी म्हणाल्या.

दादांची दोनची पाळी होती. जाताना त्यांनी बजावलं, "गाडीला हात लावू नका. उद्या सरळ पट्टीवर कुणी धरू शकणार नाही तुला." सायकल गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली आणि वहिनी छोट्याकडे वळल्या.

"बदल तो जेट."

"नको, वहिनी. दादाने लावलाय."

"तू पाहिलंस ना आत्ता? मग?"

"पाहिलं. पण त्याला कळलं तर... त्याच्याकडे दुसरं आहे काय? मी उद्या पूर्ण वेग देणारच नाही. हळू चालवतो."

"तू? हळू? तार द्यायला निघालास तरी कोपऱ्यावर सायकल आडवी करतोस तू! हे बघ, एकतीस वर्षांत आज पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले. ते फुकट घालवू नकोस. पडलास तर हाड मोडेल तुझं, पण त्यानंतर ते जगतील कसे?"

छोट्या पायरीवर बसून राहिला. त्याचे हात काही पुढे होईनात. मग वहिनींनीच साडीचा पदर खोचला, मशीनच्या खणातला छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कार्बोरेटरची वाटी उघडली. पेट्रोल कोपरापर्यंत ओघळलं. एकशे दहा काढून त्यांनी बटणांच्या डबीतला एकशे पंधरा लावला. किक मारली, टाचण्या होत्याच. एकशे वीस लावला. टाचण्या गेल्या. प्लग निघाला तो चहाच्या रंगाचा, जरा गडदच.

"एकशे पंधरा आणि वीसच्या मधला नसतो का रे?"

"नसतो."

"मग राहू दे हाच."

आणि गणवेशाला पेट्रोलचा वास लागला म्हणून त्यांनी उरलेली दुपार स्वतःला शिव्या घातल्या.

रविवारी वहिनी आयुष्यात पहिल्यांदा शर्यतीला गेल्या. दादांना भारी नवल वाटलं. धावपट्टीच्या कडेला, दोरीला पोट टेकवून त्या बारा फेऱ्या उभ्या होत्या, आणि अकरा गाड्यांच्या कोलाहलात फक्त एका बारीक आवाजासाठी कान लावून होत्या. तो आला नाही. शेजारी दादा घड्याळ दाबत होते.

"सरळ पट्टीवर जड जातेय," ते पुटपुटले. "फेरीमागे दोन सेकंद. का जातेय?"

छोट्या चौथा आला. गेल्या वर्षी तो दुसरा होता. हेल्मेट काढताना त्याने वहिनींकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. दादांनी फडक्यात धरून गरम प्लग काढला, उन्हात फिरवून फिरवून पाहिला आणि फडक्यासकट खिशात टाकला.

संध्याकाळी वहिनी कॉलर जोडत होत्या. दादांनी समोर बसून बटणांची डबी ओढली, चष्मा लावला आणि एक एक चिठ्ठी वाचत गेले. एकशे दहाचा खण रिकामा होता, आणि एकशे वीसच्या खणात एकशे दहा पडला होता. एकशे पंधरा परत जागेवर ठेवला होता, पण एकशे दहा घाईत भलत्याच खणात टाकला होता वहिनींनी. मशीन थांबलं. आता घर डोक्यावर घेतील, अशा तयारीने त्या बसल्या.

दादांनी तो पितळेचा मणी उचलला, त्याच्या स्वतःच्या खणात ठेवला आणि झाकण लावलं.

"टाचण्या सांडल्या नव्हत्या," ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी चष्मा काढून झाकणावर ठेवला. मग म्हणाले, "तीन नंबरचा पंप ग्रीसने नव्हता गेला." पुढे म्हणाले, "उद्या सांगतो साहेबांना."

"आपण डॉक्टरकडे जाऊन येऊ."

"जाऊ."

वहिनींना भांडण हवं होतं. एकतीस वर्षं भांडायची सवय, आणि आज हा माणूस नुसता 'जाऊ' म्हणतो! त्या उठून उगाचच ओव्हन पुसत राहिल्या.

पुढच्या रविवारी सकाळी त्या कापड बेतत होत्या आणि अंगणात किक बसली. पुन्हा निळा धूर, पुन्हा शेजारची खिडकी.

"अगं, जरा ये इकडे."

"माझे तेवीस गणवेश बाकी आहेत! शर्यत झाली ना तुमची?"

"पुढच्या वर्षीची आहे. ये."

त्या चिडचिडत बाहेर गेल्या. दादा गाडीशी उकिडवे बसले होते. एकशे पंधरा लावलाय, ते म्हणाले, कार्बोरेटरची सुई एक खाच वर घेतलीय, म्हणजे पेट्रोल मधल्या नंबराएवढं जाईल. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ वहिनींपुढे धरली.

लाकडी मूठ हातांनी झिजून गुळगुळीत झाली होती. वहिनींनी केस मागे सारले, वाकल्या आणि ती कानामागे टेकवली. आत केवढं तरी मोठं काहीतरी चाललं होतं. जाड, बारीक, घासणारं, ठोकणारं, सगळं वेगवेगळं ऐकू येत होतं.

"काय म्हणतोय?" दादांनी विचारलं. "टाचण्या आहेत का? शेवटाला जाड होतोय का? की..."

वहिनींनी डोळे मिटले आणि डावा हात वर केला.

"मध्ये बोलू नका."

दादा गप्प बसले आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.